वर-खाली पडणारे नऊ : बालेवाडीच्या रेंजवरील एका रायफलचा तपास

तक्रार एका वाक्यात मावणारी होती. पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, वीसपैकी चौदा-पंधरा गोळ्या दहात आणि उरलेल्या पाच-सहा नवात, पण त्या नवातल्या बहुतेक सरळ वर नाहीतर सरळ खाली. डावी-उजवीकडे फारसं काही नाही. मॉनिटरवर बऱ्याच गोळ्यांचा प्लॉट एकावर एक काढला की ग्रुप गोल दिसायच्या ऐवजी उभट दिसायचा.

खेळाडू ज्युनियर गटातली, चिंचवडची, थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून (नीलिंग), झोपून (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग) खेळणारी. नीलिंग आणि स्टँडिंगमध्ये तिची प्रगती वयाला साजेशी चालली होती. घोडं अडलं होतं ते प्रोनमध्ये, म्हणजे जिथे गुण गाठीला बांधायचे तिथेच. पात्रता फेरीत प्रत्येक पोझिशनच्या वीस गोळ्या, पूर्ण अंकांत गुण, एकूण ६००. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे ५९० वर सातवा येऊन फायनलला गेला आणि १ ऑगस्टला ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेऊन आला. तेव्हापासून पुण्यात पन्नास मीटरकडे वळणाऱ्या मुलांची आणि त्याहून जास्त त्यांच्या पालकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. हा प्रकार आधी दहा मीटर एअर रायफलच्या सावलीत असायचा. सावली गेली, त्याबरोबर घाईही आली.

या मुलीचे बाबा त्या घाईतलेच, पण माणूस अभ्यासू. एका कंपनीत क्वालिटीचं काम बघतात. मुलीची रायफल जर्मन बनावटीची, एका सीनियर खेळाडूकडून रीतसर परवान्यावर घेतलेली, बरीच वापरलेली. बाबांनी परदेशातून येणाऱ्या कुणाकडून तरी बॅरलच्या टोकाला बसवायचा ट्यूनर मागवून ठेवला होता. "सर, हा लावून टाकूया का? वर-खालीसाठी हाच इलाज आहे म्हणतात," असं म्हणत त्यांनी डबी माझ्यासमोर ठेवली. रेंजवर रायफलींची तांत्रिक बाजू मी पाहतो, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं. डबी तशीच बंद ठेवली.

नवाची किंमत मिलिमीटरमध्ये

आधी किती अंतराबद्दल बोलतोय ते पक्कं केलं. पन्नास मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतो, म्हणून गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत हवा. पुढची प्रत्येक रिंग आणखी ८ मिमी बाहेर. दशांश गुण मोजले तर ०.८ मिमीला एक दशांश. म्हणजे दहा आणि नऊ यांच्यातला तंटा पन्नास मीटरवरच्या ८ मिमीचा, करंगळीच्या नखाएवढा.

आता गोळी. मॅचच्या .२२ काडतुसातली शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. बॅरलमधून निघतानाचा वेग ३२५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. हा मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो. वीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग ३४३. तो ओलांडून परत खाली येणारी हलकी गोळी वाऱ्याला जास्त दाद देते. ३२५ ने निघालेली गोळी पन्नास मीटरला साधारण ०.१५७ सेकंदात पोचते आणि तेवढ्यात सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. साइट ही घट आधीच भरून काढते, पण सगळ्या गोळ्या सारख्याच वेगाने निघाल्या तरच. वेग १ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला तर गोळी पाऊण मिलिमीटर खाली पडते. नेमकं गणित केलं तर ०.७४ मिमी. हा आकडा लक्षात ठेवा, सगळं प्रकरण याच्याभोवती फिरतं.

नेमबाज आणि वारा

रायफलला हात लावण्याआधी नेमबाजाची बाजू तपासायची, हा क्रम मी मोडत नाही. प्रोनमध्ये वर-खाली गोळ्या जायला माणसाकडे कारणं भरपूर असतात. श्वास अर्धवट थांबवला, डावं कोपर सरकलं, हाताला रायफलशी बांधणारी स्लिंग सैल झाली, गालाचा दाब बदलला, बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) खांद्यावर एखादा सेंटिमीटर वर बसली, की ग्रुप उभा ताणला जातो. तिच्या जॅकेटवर बटप्लेट सरकत होती खरी. ती नीट केली. फरक पडला, पण थोडा.

मग स्कॅट, म्हणजे नेम धरताना बॅरलचा रोख नोंदवणारं यंत्र, लावून बॅरलचा माग घेतला. ट्रिगर सुटतानाचा रोख कुठे होता आणि गोळी प्रत्यक्ष कुठे लागली, हे दोन्ही शेजारी ठेवले. इथेच पहिला धागा मिळाला. तिच्या डावी-उजवीकडच्या चुका मागाशी बऱ्यापैकी जुळत होत्या. रोख उजवीकडे असला तर गोळीही उजवीकडे. वर-खालीच्या मात्र जुळत नव्हत्या. रोख मध्यावर, माग शांत, आणि गोळी साडेसहा वाजल्यासारखी खाली नवात. असं एकदा झालं तर योगायोग म्हणून सोडता येतं. पण ते पुन्हा पुन्हा होत होतं, आणि मुलगी तर पहिल्यापासून म्हणत होती, "दादा, हा शॉट चांगला गेला होता हो, खरंच." खेळाडू असं म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा ते खरं असतं. ती निम्मी वेळ ओळखायला साधन लागतं, एवढंच.

वाऱ्याला फार वेळ दिला नाही. पन्नास मीटरवर १ मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा गोळीला ५-६ मिमी बाजूला नेतो, म्हणजे वारा इथे किरकोळ नाहीच. उन्हाळ्यात दुपारनंतर पुण्यात पश्चिमेचा वारा सुटला की झेंड्यांकडे न बघता मारणाऱ्याची धडगत नसते. पण वाऱ्याची सही वेगळी असते. उजव्या पिळाच्या बॅरलमधून निघालेली गोळी उजवीकडून आलेल्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर जाते; डावीकडून आलेल्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली. घड्याळाच्या दहापासून चारपर्यंत तिरकी रेघ पडते. आमची रेघ बाराकडून सहाकडे होती.

ॲक्शनचे, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलून ठोकणारा बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाचे, स्क्रू टॉर्क रेंचने तपासले, ठीक. डायॉप्टर (मागची साइट) आणि फोरसाइट टनेलला (पुढची साइट) हलवून पाहिलं, घट्ट. बॅरलचं तोंड भिंगाखाली स्वच्छ. चेंबरच्या पुढे कार्बनचं कडं धरलं होतं, ते गाइड लावून मागच्या बाजूने साफ केलं आणि बॅरलला पुन्हा गोळ्यांवरच्या मेणाचा थर चढेपर्यंत गोळ्या मारून घेतल्या. उभा ग्रुप तसाच.

ट्यूनरचा रविवार

बाबांचा धीर सुटत चालला होता, आणि त्यांचंही खरं होतं. ट्यूनर म्हणजे बॅरलच्या टोकाला बसणारं, आटे फिरवून पुढेमागे करता येणारं वजन. गोळी सुटते तेव्हा बॅरल थरथरते आणि धक्क्याने तिचं तोंड वर-खाली झुलतं. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड वर जात असेल तर गंमत होते. हळू गोळी बॅरलमध्ये जरा जास्त वेळ राहते, म्हणून ती तोंड आणखी वर गेल्यावर निघते, आणि वेग कमी असल्याची भरपाई थोडी वर फेकली गेल्यामुळे होते. ही कल्पना नवी नाही. बॅरलच्या कंपनांवर ए. मॅलॉक यांनी १९०१ मध्येच लिहून ठेवलं आहे, आणि लष्करातली जुनी ली-एन्फिल्ड लांब पल्ल्यावर हाच फायदा आपसूक मिळवायची असं जाणकार मानतात. तेव्हा बाबांचा मुद्दा खुळचट अजिबात नव्हता. प्रश्न होता तो योग्य जागा सापडल्याचं कळणार कसं, हा.

त्या रविवारी रेंजवर एक काका आले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्य चाचण्या घेण्यात गेलेलं. त्यांना मी मुद्दामच बोलावलं होतं. बेंचवर पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी, डायॉप्टरच्या जागी दुर्बीण. वारा नसलेली सकाळची वेळ. बाबांची योजना इंटरनेटवर सगळे करतात तीच : ट्यूनर शून्यावर ठेवून पाच गोळ्या, मग पाच खुणा पुढे आणि पाच गोळ्या, मग दहा, पंधरा, असं पस्तीसपर्यंत. आठ ग्रुप काढायचे आणि सगळ्यात लहान ग्रुप जिथे, तिथे ट्यूनर कायमचा बसवायचा.

काका म्हणाले, "ट्यूनर मी फिरवतो. तुम्ही फक्त मारा आणि मोजा." प्रत्येक ग्रुपनंतर बोल्ट मागे, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, रायफलवरून सगळ्यांचे हात बाजूला, आणि मगच काका बॅरलच्या टोकाशी जायचे. पाठमोरे उभे राहून काहीतरी करायचे आणि "झालं, दहा" असं म्हणून परत यायचे. मुलगी मारत होती, बाबा व्हर्नियरने ग्रुप मोजून वहीत लिहीत होते.

आठ ग्रुप झाल्यावर बाबांनी आलेख काढला. देखणा होता. शून्याला मोठा ग्रुप, मग उतरता, पंधराला सगळ्यात लहान, वीसला जवळपास तेवढाच, मग परत चढता. सगळ्यात लहान ग्रुप सगळ्यात मोठ्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. बाबांचा चेहरा उजळला. "पंधरा ते वीसच्या मधे. सतरावर लॉक करूया."

काकांनी चष्मा पुसला. "लॉक आहेच की. शून्यावर. मी हात लावलाच नाही त्याला."

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मुलगी हसायला लागली. बाबांना पचायला वेळ लागला, पण क्वालिटीतला माणूस, वही परत हातात घेऊन त्यांनीच विचारलं, "म्हणजे हा सगळा फरक निव्वळ नशिबाचा?"

हो. आणि नशीब किती फरक पाडतं याचं गणित पक्कं आहे. गोळ्यांचा पसारा दोन्ही दिशांना सारखा आणि नेहमीच्या घंटाकृती वितरणाचा धरला, तर पाच गोळ्यांच्या ग्रुपची रुंदी सरासरीच्या वर-खाली २७ टक्के प्रमाण विचलनाने (सरासरीपासूनच्या नेहमीच्या पसाऱ्याने) हलते. काहीही न बदलता. असे आठ ग्रुप मारले की त्यातला सर्वांत लहान हा सर्वांत मोठ्याच्या निम्म्याच्या आसपास येणं ही अपवादाची नाही, नेहमीची गोष्ट आहे. पाचाच्या ऐवजी दहा गोळ्या घेतल्या तरी ते विचलन १९-२० टक्क्यांवर येतं, फार काही सुधारत नाही. शिवाय ग्रुपची रुंदी सर्वांत लांबच्या दोन गोळ्या ठरवतात. बाकीच्या गोळ्या मारल्या काय न मारल्या काय, मोजमापात त्या येतच नाहीत. म्हणून मी रुंदी मोजायची सोडून दिली आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळीची आडवी-उभी जागा देतं, त्यावरून दोन्ही दिशांचं विचलन वेगवेगळं काढतो. इतक्या सोप्या गोष्टीसाठी लोक अजून व्हर्नियर घेऊन बसतात याचं मला नवल वाटतं. पण छोटा ग्रुप खिशात घालून मिरवता येतो, विचलन मिरवता येत नाही.

निघताना काकांनी एकच विचारलं, "वेग मोजलात का? उभा ग्रुप आणि वेग मोजला नाही, असं कसं?" प्रश्न रास्त होता. रेंजवर वेग मोजणारा रडारचा क्रोनोग्राफ तोपर्यंत नव्हता, तो दुसऱ्या क्लबातून मागवायचं आधीच ठरलं होतं.

दोन रायफली, एकच लॉट

क्रोनोग्राफ आला तो डिसेंबरात. सकाळी सातला बालेवाडीत बोटं आखडतील अशी थंडी. पंचवीस गोळ्या मारल्या. वेगाचं प्रमाण विचलन साडेचार मीटर प्रति सेकंद. सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू गोळीत १७ चा फरक. त्याला ०.७४ ने गुणा : टार्गेटवर साडेबारा मिलिमीटर, केवळ वेगामुळे, नेमबाजाने काहीही चूक न करता. चांगल्या मॅच काडतुसांच्या मानाने हे दुपटीच्या घरात जातं.

इथे सगळ्यांचं बोट काडतुसांकडे वळलं. ते साहजिकही आहे. .२२ मध्ये आपण काडतूस स्वतः भरत नाही, जे मिळतं ते मारतो. एकाच कंपनीच्या, एकाच दर्जाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपांमध्ये, एका विशिष्ट बॅरलमधून जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. युरोपातले खेळाडू रायफल घेऊन थेट जर्मनी-इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत जातात, निरनिराळे लॉट आपल्याच बॅरलमधून मारून बघतात आणि जमेल त्या लॉटच्या हजारो गोळ्या उचलतात. आपल्याकडे आयात राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत, कोट्याने. हातात येईल तो लॉट आपला. अव्वल खेळाडूंची गोष्ट वेगळी. ज्युनियर मुलीने डबीवरचा लॉट क्रमांक वाचायचा आणि नमस्कार करायचा.

बाबा लगेच दुसरा लॉट शोधायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा. तिच्याच वयाच्या एका मैत्रिणीकडे त्याच बनावटीची रायफल होती. रेंजच्या रजिस्टरात रीतसर नोंद करून त्याच लॉटच्या, त्याच डबीतल्या गोळ्या तिच्या रायफलमधून मारल्या. आधी दहा-पंधरा गोळ्या बॅरल जमवायला, मग पंचवीस मोजणीच्या. विचलन अडीचच्या आत, सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू यांत दहाहून कमी फरक. काडतुसं निर्दोष सुटली.

मग राहिली रायफल. वेग कमी-जास्त होण्याजोगं रायफलमध्ये काय असतं? चेंबर, बॅरल आणि बोल्ट. बॅरल नुकतीच साफ करून झाली होती. कुणीतरी सुचवलं की मैत्रिणीचा बोल्ट हिच्या रायफलमध्ये घालून बघा, चटकन कळेल. ते केलं नाही आणि कुणी करूही नये. बोल्ट त्या त्या ॲक्शनला जुळवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट घालून गोळी मारणं हा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर केलेला जुगार आहे.

उत्तर मिळालं ते काडतुसांच्या रिकाम्या केसेसमधून, म्हणजे मारून झाल्यावर उरणाऱ्या नळकांड्यांमधून. त्या मोजून परत करायच्या असतात, म्हणून दोघींच्याही पिशव्या भरून तयार होत्या. टेबलावर दोन रांगा लावल्या, बूड वर करून. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की फायरिंग पिनच्या ठोक्याच्या खाचेत सावली पडते. मैत्रिणीच्या रांगेत प्रत्येक खाच खोल, कडा स्पष्ट, सावल्या एकसारख्या. आमच्या रांगेत काही खाचा तशाच, काही उथळ. दोन केसेसवर तर सावली जेमतेम धरत होती. मुलीने स्वतःच रांग पुन्हा लावली, उथळपासून खोलपर्यंत. "दादा, हे तर प्रत्येक वेळी वेगळंच मारतंय."

रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, आतल्या बाजूने पसरलेला असतो. पिन कड चेपते, मसाला चिरडला जाऊन पेटतो आणि त्याने दारू पेटते. ठोका हलका पडला तरी गोळी सुटते, आवाजही तसाच येतो. पण पेट घेणं दर वेळी सारखं राहत नाही आणि वेग हलतो. सेंटरफायर रायफलमध्येही ठोक्याचं महत्त्व असतंच, पण रिमफायरमध्ये गोळी आणि दारू इतकी थोडी की प्रत्येक गडबड टार्गेटवर उमटते.

आर्मररने, म्हणजे रायफली दुरुस्त करणाऱ्याने, बोल्ट उघडला. आत मागच्या कुणीतरी प्रेमाने भरलेलं ग्रीस होतं, काळं आणि चिकट झालेलं. पिनची स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तर डोळ्याला दिसण्याइतकी आखूड. रायफल बऱ्याच वर्षांची, आणि तिच्यावर मॅचच्या गोळ्यांइतकंच किंवा जास्तच ड्राय फायरिंग (काडतूस न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव) झालेलं. घरी रोज तासभर ड्राय करणाऱ्या खेळाडूची स्प्रिंग गोळ्यांच्या हिशोबाने नाही, ठोक्यांच्या हिशोबाने म्हातारी होते. पण वही ठेवली जाते ती गोळ्यांची.

यात एक जुना धागाही जुळला. मुलीच्या ट्रेनिंग डायरीत हिवाळ्यातल्या सकाळच्या सत्रांपुढे "आज जमलं नाही" असे शेरे जास्त होते आणि दुपारच्या सत्रांपुढे कमी. ती ते थंडीने हात आखडतात म्हणून लिहीत होती. हात आखडत असणारच. पण बारा अंशात ते ग्रीसही आखडत होतं. डायरीत तापमानाचा रकाना असता तर हे फार आधी लक्षात आलं असतं, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा धरायची तर आधी मोठ्यांनी तसा रकाना आखून द्यायला हवा.

स्प्रिंग बदलल्यावर

बोल्ट धुऊन कोरडा केला, आत वंगणाचा नुसता हात फिरवला, नवी स्प्रिंग घातली. पुन्हा थंड सकाळ बघून, त्याच लॉटच्या पंचवीस गोळ्या. विचलन २.४. उथळ खाचा गायब.

आता अपेक्षा किती ठेवायची, यावर बाबांशी बराच वेळ बोलणं झालं, कारण त्यांना वाटत होतं की प्रोनमधले सगळे नऊ आता गेले. तसं होत नाही. वेगवेगळ्या कारणांनी पडणाऱ्या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. तिच्या रायफलचा उभा पसारा सुमारे ४ मिमी विचलनाचा होता, तो ३ वर आला. तिच्या स्वतःच्या होल्डचा, म्हणजे नेम धरून ठेवण्यातल्या हलण्याचा, पसारा पावणेचारच्या आसपास, तो तसाच आहे. आधीची एकत्र गोळाबेरीज साडेपाच, आता पावणेपाच. रायफलचा दोष पाव हिश्शाने कमी झाला, पण टार्गेटवर फरक दिसला तो साधारण सातव्या हिश्शाचा. हिशोबाने वीस गोळ्यांत एखादा नऊ कमी होईल. साठ गोळ्यांचा दशांश प्रोन मारला तर तीन-साडेतीन गुण वाढतील.

बाबा जरा हिरमुसले. मला वाटतं, उगाच. जिल्हा आणि राज्य पातळीवर तीन गुण म्हणजे निकालाच्या यादीत कितीतरी ओळी वर. आणि गुणांपलीकडे एक गोष्ट झाली. चांगला सुटलेला शॉट आता चांगला लागत होता. पूर्वी ती रोख मध्यावर असताना खाली पडलेली गोळी बघून पुढच्या गोळीला साइट एक-दोन क्लिक वर करायची. मग वेगवान गोळी आली की ती वर नवात. रायफलच्या लहरीमागे साइट पळवत राहिल्याने पसारा आणखी वाढतो. ते थांबलं. माझ्या अंदाजाने तिच्या सुधारणेतला मोठा वाटा या थांबण्याचा आहे, पण तो वेगळा काढून मोजायला माझ्याकडे मार्ग नाही.

ट्यूनरचं काय? तो आता बसवला आहे. त्यावेळी शून्यावर होता, आज मध्यावर कुठेतरी आहे. दोन जागा निवडून प्रत्येकी पन्नास गोळ्या मारल्या, यावेळी बेंचवरून नाही तर प्रोनमध्ये, स्लिंग लावून. रायफल खांद्यावर असताना धक्का वेगळ्या रीतीने झेलला जातो, बॅरलचं झुलणं बदलतं, म्हणून बेंचवर सापडलेली जागा खांद्यावर टिकेलच असं नसतं. दोन्ही जागांच्या उभ्या विचलनात काही टक्क्यांचा फरक आला. तो खरा की नशिबाचा? पन्नास गोळ्यांवरून काढलेल्या विचलनात दहा टक्क्यांची अनिश्चितता मुळातच असते. ती पाचवर आणायची तर प्रत्येक जागेला दोनशे गोळ्या. चार-पाच जागा तपासायच्या तर हजारभर गोळ्या एकाच लॉटच्या हव्यात, आणि तेवढ्यात तो लॉटच संपलेला असेल. ज्याच्याकडे गोळ्यांची ददात नाही त्याने ट्यूनर जरूर लावावा आणि फिरवावा. फायदा होतो हे नाकारायचं कारण नाही. कोट्यावर खेळणाऱ्या ज्युनियरसाठी त्याच गोळ्या ट्रेनिंगला वापरणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत आहे आणि ते मी बाबांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ट्यूनर काढला मात्र नाही. वजन पुढे आल्यामुळे बॅरल स्थिर वाटते असं मुलगी म्हणते, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सगळं ठीक चाललेलं असताना अधूनमधून एक गोळी आठाच्या जवळ खाली जाते. माग स्वच्छ, ठोका खोल. क्रोनोग्राफ लावलेला असताना अशी एक सापडली, तिचा वेग बाकीच्यांपेक्षा खूपच कमी होता. तेव्हा ती बहुधा काडतुसातलीच आहे, हजारात काही तरी निघणार त्यातली. मैत्रिणीच्या रायफलमध्येही त्याच लॉटने असं कधीमधी केलं आहे. पुढचा कोटा आला की दोघी मिळून एकाच लॉटच्या डब्या मागणार आहेत आणि पहिल्या पन्नास गोळ्या क्रोनोग्राफवरून मारणार आहेत. बाबांनी नव्या वहीत रकाने आखून दिले आहेत : लॉट, तापमान, वेग, उभं विचलन, आडवं विचलन, आणि शेवटी ठोक्यांची एकूण संख्या, ड्राय धरून.